भिंतीवरचा पासवर्ड

माझ्या थोरल्या साडूंकडे, मुरबाडला, कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला आधी हार घातला, मग नारळ फोडला आणि मग वर प्लास्टिकचं आवरण चढवलं. पुढे कुणी पाहुणा आला की ते आवरण काढण्याचा कार्यक्रम असे. साडू आधी हात धुऊन येत. मग लग्नात अंतरपाट धरतात तसं ते दोन्ही हातांनी धरून उचलत, घडी घालत, घडी कपाटावर ठेवत. तोवर माझा चहा निवलेला असे आणि डोकं तापलेलं.

मत्सर हा शब्द पुस्तकात बरा दिसतो. मला व्हायचं ते साधं पोटात दुखणं होतं, आणि ते मुरबाडच्या अलीकडे सरळगावला गाडी आली की सुरू व्हायचं. साडू माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. एमआयडीसीतल्या एका कंपनीत त्यांनी स्टोअर सांभाळलं, त्यामुळे कमरेला चाव्यांचा जुडगा आणि बोलण्यात कुलपं. मी शहापूरच्या स्टँडवर खिडकीत बसून जन्मभर गाड्या पुकारल्या. सगळ्या तालुक्याला माझा आवाज ठाऊक, पण फ्रिज आधी त्यांच्याकडे आला, मोटारसायकल आधी त्यांच्याकडे, स्लॅबचं घर आधी त्यांचं. सासूबाई वैशाखऱ्याहून निघाल्या की त्यांची एसटी मुरबाडलाच जाते, त्यामुळे त्यासुद्धा आधी त्यांच्याकडेच उतरायच्या.

माझ्याकडे मिरवायला एकच गोष्ट होती. भिंत.

आमच्या भागात लग्न ठरलं की रंगारी येऊन घराच्या दर्शनी भिंतीवर चित्र काढतो. वर गणपती, दोन बाजूंना केळीचे खांब, मधे नवरानवरीची नावं आणि खाली तारीख. पुढे दोनचार पावसाळ्यांत ते पुसट होतं. साडूंनी स्लॅबचं घर बांधलं तेव्हा त्यांची ती भिंतच पाडली. माझी मात्र आमच्या गावी, किन्हवलीला रस्त्याच्या तोंडावर उभी होती, आणि दर दिवाळीला मी ऑइलपेंट आणून स्वतःच्या हाताने आमची दोघांची नावं आणि खालची तारीख गिरवायचो. जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतूनसुद्धा वाचता यावीत, एवढी ठळक.

बायको म्हणायची, "अवो, पोरगी लग्नाला आली. आपलीच नावं काय गिरवत बसलाव?"

"मुरबाडला हाय का अशी भिंत?" मी विचारायचो.

"नाय. तिथं टाइल्स हायेत," असं म्हणून ती आत जायची.

रिटायर झाल्यावर मी पहिलं काम केलं ते शहापूरच्या एका दुकानातून कॉम्प्युटर जोडून घेतला. साडूंच्यापेक्षा पडदा मोठा पाहिजे, एवढीच माझी अट होती. दुकानदाराने विचारलं, "पासवर्ड काय ठेवू? लक्षात राहील असा सांगा." मी छाती काढून बायकोचं नाव सांगितलं आणि पुढे लग्नाची तारीख. दुकानदार म्हणाला, "तारीख अजून पाठ हाय? कमाल हाय!" मला वाटलं, माझ्या संसाराचं कौतुक चाललंय. त्या भरात मेलला तोच पासवर्ड, फोटोंना तोच, लाइट बिलाला तोच. एका चावीने सगळी कुलपं उघडतात याचा मला अभिमान होता. साडू मात्र त्या जुडग्यात चावी शोधत बसतात, बिचारे!

साडूंच्या कॉम्प्युटरला एक अँटिव्हायरस होता, विकतचा. म्हणून मी तीन घेतले, फुकटचे. आता एका वाडीत तीन राखणदार ठेवले तर चोर सापडण्याआधी ते एकमेकांचीच गचांडी धरणार, तसं झालं. पहिला दुसऱ्याला चोर म्हणे, दुसरा तिसऱ्याला, आणि कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत माझी आंघोळ, देवपूजा आणि न्याहारी उरके. मी समजलो, कडक पहारा म्हणजे एवढा वेळ लागणारच. मधूनमधून तो विचारायचा, अपडेट करू का? मी 'नंतर' दाबायचो. स्टँडवर तक्रार घेऊन येणाऱ्या प्रवाशाला मी जे सांगायचो तेच त्याला सांगत होतो.

आता सासूबाईंचं सांगतो, कारण ही सगळी कथा त्यांच्या गळ्याची आहे.

सासूबाई धवळारीण. हळदीला, मांडवाला धवळे म्हणायला त्यांना घाटाखालच्या गावागावांतून बोलावणं यायचं. धवळे म्हणजे लग्नातली गाणी, एकेका विधीचं एकेक. त्यात जागा सोडलेल्या असतात. तिथे नवरीच्या बापाचं, मामाचं, मावशीच्या यजमानांचं नाव घालून म्हणायचं. सासूबाईंच्या तोंडून धवळ्यात आपलं नाव यावं म्हणून माणसं मांडवात उगाच त्यांच्यासमोरून फेऱ्या मारायची. साडूंच्या मुलीच्या हळदीला त्यांनी साडूंचं नाव असं लांबवून घेतलं होतं की मी पंगतीत भाताकडे बघतच बसलो. भात वाढणारा म्हणाला, "दाजी, वरण घेताव का रडताव?"

मग सासूबाईंच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनला घाबरू नका, पण आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही. सासूबाईंना गाठीचं काही वाटलं नाही. त्यांना आमची मुलगी आठवली. नातवंडांत तीच लग्नाची राहिली होती.

"तिचे धवळे मी आत्ताच म्हणून ठेवतंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या डब्यात भरा."

आणि त्या मुरबाडला न थांबता सरळ किन्हवलीला आल्या! मी त्या दिवशी हवेत होतो. आमच्या जुन्या ओटीवर बसून त्यांनी दुपारभर म्हटलं. मी मोबाइल धरून समोर. हळद, मांडव, तेलसाडी, पाठवणी. नवरीच्या बापाच्या जागेवर माझं नाव आलं तेव्हा माझा हात हलला. त्याची खरखर अजून त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे.

त्या संध्याकाळी मी सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं आणि साडूंना फोन करून कळवलं, दोनदा. दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकलवर हजर.

"साडूभाऊ, एक कॉपी मला द्या."

"कशाला?"

"दोन ठिकाणी असलेलं बरं."

"माझ्याकडे तीन अँटिव्हायरस आहेत," मी म्हणालो. "तुमच्याकडे एक. मग सुरक्षित कुठे राहील?"

"तीन?" साडूंनी चष्मा काढला.

"तीन."

त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि चहा न घेता गेले. मला वाटलं, जळले. जन्मात पहिल्यांदा सरळगावची ती पोटदुखी उलट्या दिशेने निघाली होती, आणि माझ्या पोटाला कसं गार वाटत होतं!

ऑपरेशन झालं. सासूबाई बऱ्या झाल्या, आवाज मात्र गेला. उरली ती कोरड्या पानांसारखी सळसळ. तोंडाजवळ कान नेला तरच शब्द कळायचा. पुढे लावणीच्या दिवसांत माझा मोबाइल खिशातून चिखलात पडला आणि त्यावरून कुणीतरी पॉवर टिलर नेला. मी जरासुद्धा हळहळलो नाही. धवळे कॉम्प्युटरवर होते आणि कॉम्प्युटरवर तीन राखणदार होते.

मुलीचं लग्न ठरलं. मी सगळ्यांना सांगून टाकलं की हळदीला कुणी भाड्याची धवळारीण येणार नाही, सासूबाईंचाच आवाज लागेल. सासूबाईंनी ते ऐकून माझ्या गालावरून बोटं फिरवली आणि स्वतःच्या कानशिलावर मोडली. साडू शेजारीच उभे होते. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

पण साडूंनी त्यांच्या मुलीच्या लग्नाला मोबाइलवर पाठवायची पत्रिका केली होती. तिच्यात गणपती हलायचा. मला माझ्या पत्रिकेत गणपती, उंदीर आणि समई, तिन्ही हलायला पाहिजे होती. शोधत शोधत मी एका साइटवर पोचलो. तिथे तसली पत्रिका करायचा प्रोग्राम फुकट होता. तो उतरवायला घेतला तर माझ्या तिन्ही राखणदारांनी एकदम कालवा केला. त्यांचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ, पण हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. वर त्या साइटवर लिहिलं होतं, अडचण आल्यास अँटिव्हायरस तात्पुरता बंद करावा.

आता आमच्याकडे पाहुणा दारात आला आणि कुत्रा भुंकायला लागला तर आम्ही काय करतो? कुत्र्याला बांधतो. पाहुण्याला कोण विचारतं, तू कोण म्हणून? मी तिन्ही कुत्रे बांधले, पाहुण्याला घरात घेतलं आणि चहा प्यायला ओटीवर गेलो.

परत आलो तर पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर. मला वाटलं, पत्रिकेचा नमुना असेल. चष्मा लावून वाचला. तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलं आहे, पैसे पाठवा म्हणजे चावी देऊ. फोटो उघडेना. जमिनीची कागदपत्रं उघडेनात. धवळ्यांच्या फायली जागच्या जागी होत्या, पण नावांना भलतंच शेपूट फुटलं होतं. एकेकीवर टिचकी मारली. आवाज नाही.

मी बटण बंद केलं आणि बायकोला सांगितलं, "कॉम्प्युटरला जरा इश्रांती देतंय. लग्नाचं काम पडलं ना त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी तो डबा गोधडीत गुंडाळून मोटारसायकलवर बांधला आणि सापगाववरून शहापूर गाठलं. दुकानदाराने पाहिलं, पहिला प्रश्न विचारला, "नेटची तार काढलीत का?"

"कुठली तार?"

"राहू द्या. पैसे पाठवले नाय ना?"

"नाय."

"पाठवू पण नका. चोराकडून चावी येईलच, हे कुणी सांगितलंय? पोलिसांत तक्रार द्या, सायबरवाल्यांकडे. दुसरीकडे कॉपी हाय का? पेनड्राइव्हवर, कुठं?"

"नाय."

"मग हे पुसून सगळं नव्याने टाकावं लागेल. आतलं गेलं म्हणून समजा." त्याने यादीतले तीन राखणदार पाहिले आणि भुवया वर केल्या. "हे कुणी टाकले?"

"आधीच्या माणसाने," मी म्हणालो.

तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी सगळं नीट लिहून घेतलं, फक्त 'अँटिव्हायरस कोणी बंद केला' या प्रश्नाला मला फार खोकला आला. घरी परतलो तर बायको ओटीवर मांडवाचं सामान काढून बसलेली. गोधडी बघितली, माझं तोंड बघितलं.

"आयेचे धवळे गेले?"

मी गोधडीची घडी घालायला लागलो. बायको रडली असती तर बरं झालं असतं. तिने हातातलं तोरण खाली ठेवलं. "ती परवा येईल. तुमी हळदीला तिच्या आवाजाची वाट बघायला लावलीय तिला. तिला तोंड तुमी दाखवा, मी नाय दाखवणार."

"मी काय करू?"

"मुरबाडला जा. भावोजींना विचारा, त्यांना काय तरी ठाऊक असेल."

मी सांगतो, फाशी परवडली. पण गेलो. सरळगाव आलं, आणि पोटात दुखलंच नाही. पोटाला तेवढी सवडच नव्हती.

साडूंच्या हॉलमध्ये बसून मी सगळं सांगितलं. पत्रिका, हलणारा उंदीर, बांधलेले कुत्रे. ऐकून झाल्यावर साडू उठले, हात धुऊन आले. मला वाटलं, आता याही वेळेला ते आवरण काढून दाखवणार. पण ते कपाटाकडे गेले. जुडग्यातली एक चावी शोधली, कपाट उघडलं, आतून स्टीलचा डबा काढला, डब्यातून कापडी बटवा, बटव्यातून पेनड्राइव्ह.

"घ्या," ते म्हणाले. "सगळे हायेत. हळद, मांडव, तेलसाडी, पाठवणी."

मी आधी पेनड्राइव्ह मुठीत घेतला, मग विचारलं, "हे तुमच्याकडे कसे?"

"गणपतीत तुमी सगळे विसर्जनाला नदीवर गेलात. माझा गुडघा दुखत होता."

"तुमचा गुडघा तर..."

"दुखत नव्हता."

"पण पासवर्ड?"

साडू पहिल्यांदा हसले. "तुमच्या अंगणात खुर्ची टाकून चहा पीत होतो. समोर भिंत. म्हटलं, एकदा घालून तर बघू."

दर दिवाळीला ऑइलपेंट आणून मी माझा पासवर्ड गिरवत होतो! किन्हवलीच्या प्रत्येक गाडीतला प्रत्येक प्रवासी तो वाचत होता, वर गणपती आणि दोन बाजूंना केळीचे खांब. मला संताप आला. हाती आलेल्या पेनड्राइव्हला घाम सुटेल एवढा तो मी आवळला होता, तरी संताप आला.

"ही चोरी झाली, साडूभाऊ."

"झाली. तुमी दिली असती तर करावी लागली नसती."

आतून मेहुणी चहा घेऊन आली. ती सगळं ऐकत होती. "चोरी म्हणजे काय, रोज सकाळी लावून ऐकतात," ती म्हणाली. "आणि हे पडदे बघितलेत का? आये म्हणायची, तुमच्या टाइल्सच्या घरात आवाज घुमतो, मला गायला होत नाय. म्हणून हे जाड पडदे लावून घेतले. ती इथं बसून म्हणेल म्हणून. मग ती गेली तुमच्याकडे."

"चहा दे गो," साडू तिला म्हणाले, जरा जोरात. मग खिडकीकडे बघत मला म्हणाले, "आमच्या पोरीच्या हळदीला सासूबाईंनी माझं नाव घेऊन म्हटलं होतं. तुमी होतात. ते कुणी भरून ठेवलं नाय. माझ्याकडे सगळं हाय, तेवढं नाय."

मला त्या वेळचं सगळं आठवत होतं. भातसुद्धा. पण मी फक्त म्हणालो, "चांगलं लांबवलं होतं."

"लांबवलं होतं ना?" साडू म्हणाले.

निघताना त्यांनी मला उभं करून नव्या कॉम्प्युटरचा पाठ दिला. घरातलं नाव नको, तारीख नको, प्रत्येक कुलपाला वेगळी चावी. मोबाइलवर येणारा आकडा कुणाला सांगायचा नाही, अगदी साडूला पण नाही. राखणदार एकच, आणि तो भुंकला तर त्याला बांधायचं नाही. अपडेट म्हणेल तेव्हा करायचं. आणि कॉपी कॉम्प्युटरला लावून ठेवायची नाही, काढून कपाटात. "लावून ठेवलेली असती तर तीही त्याने खाल्ली असती." मी मान डोलावत होतो आणि मनात म्हणत होतो, पुढच्या जन्मी तरी हा माणूस मला माझ्याहून वेंधळा भेटू दे.

रंगारी आला तेव्हा मी त्याला आमची नावं पुसायला सांगितली आणि मुलीची घालायला सांगितली. मुलगी म्हणाली, "बाबा, पासवर्ड बदललात ना?" मी म्हणालो, "बदलला." ती म्हणाली, "माझ्या नावाचा नाय ना?" मी त्याच दुपारी पुन्हा बदलला.

हळदीला मांडवात स्पीकर लावला. पेनड्राइव्ह साडूंचा, स्पीकर साडूंचा, बटण दाबायला साडूच. मी बाप असून बाजूला उभा. सासूबाईंना स्पीकरजवळ खुर्ची दिली होती. त्यांचा आवाज मांडवात निघाला आणि बायका बोलायच्या थांबल्या. स्वयंपाकाकडची माणसंसुद्धा हातात पळी घेऊन दाराशी आली. सासूबाई डोळे मिटून ओठ हलवत होत्या, स्वतःच्याच आवाजाबरोबर, शब्दाला शब्द.

नवरीच्या बापाची जागा आली. माझं नाव सगळ्या मांडवाने ऐकलं, मधल्या खरखरीसकट. मी मिशीवरून हात फिरवला आणि साडूंकडे बघितलं. ते बटणाकडे बघत होते.

मग मावशीच्या यजमानांची जागा आली. माझ्या ओटीवर गाताना सासूबाईंनी ती जागा तशीच सोडली होती, का सोडली ते मी तेव्हा विचारलं नव्हतं. उलट मला ती सोडलेली बरीच वाटली होती. स्पीकर तेवढ्यापुरता गप्प झाला. सासूबाईंनी डोळे उघडले, साडूंच्या मनगटाला धरून त्यांना खाली ओढलं आणि त्यांच्या कानाशी त्या गळ्यातून उरलेलं जे काही होतं त्यात त्यांचं नाव घेतलं. लांबवून घेतलं. मांडवात कुणाला ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या ओठांवर वाचलं.

साडू तसेच वाकून राहिले. गाणं पुढे गेलं तरी उठेनात.

माझं नाव आता तीन ठिकाणी जपून ठेवलेलं आहे, वेगवेगळ्या चाव्यांच्या आड. त्यांचं कुठेच नाही. आणि तरीही, खरं सांगतो, त्या मांडवात मला सरळगाव आल्यासारखं पोटात दुखलं.